झाडू आमचा, खुर्ची कुणाची?

2 मार्च 1930. याच नाशकात काळारामाचे दरवाजे लावून घेतले गेले. बाबासाहेबांच्या हाकेवर, दादासाहेब गायकवाडांबरोबर हजारो माणसं बाहेर उभी राहिली. रामनवमीच्या रथापाशी दगड खाल्ले. 1935 पर्यंत लढले. दार उघडलं नाही. मग आमच्या आजा-पणजांनी देवाचं दार सोडलं, सत्तेचं धरलं.

सत्तेचं दार म्हणजे काय? 74 वी घटनादुरुस्ती. 1 जून 1993 पासून लागू. महापालिकेच्या सभागृहात आमच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा.

2015 च्या कुंभात माझी आई घाट झाडत होती. एका ठेकेदारानं आठवड्याची मजुरी गिळली. आई राखीव जागेवरच्या नगरसेविकेच्या दारात जाऊन बसली. बाई भांडली. पैसे आले. ही काही क्रांती नव्हे. पण जाब विचारायला आमच्या मतावर बसलेलं एक माणूस होतं.

आता 2025 चा कायदा बघा. नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण. अध्यक्ष विभागीय आयुक्त. 2027 च्या मेळ्याचा कारभार त्याच्याकडं. इथली खुर्ची हुद्द्यावरून मिळते, मतावरून नाही. राखीव जागा शोधून दाखवा! आणि कायदा झाला तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मार्च 2022 पासून प्रशासक. घरात कुणी नसताना कुलूप बदललं. जानेवारी 2026 ला निवडणूक झाली, सभागृह भरलं. पण किल्ली कुणाकडं?

म्हणतील, एवढ्या गर्दीला एक हुकूम नको का? हवा. 2003 साली इथंच चेंगराचेंगरीत 39 माणसं मेली. विसरलो नाही आम्ही. पण गर्दी आवरायचा हुकूम वेगळा, शहराचा पैसा नि जमीन हलवायचा हुकूम वेगळा. झोपडपट्टी सुधारणा घटनेनं पालिकेच्या कामांच्या यादीत लिहिलीय. मेळ्याच्या कायद्याचा हेतू मेळा. साधू आठवड्यांनी उठून जातील. उठवलेली झोपडी परत उभी राहत नाही.

म्हणून मागणी सरळ. मेळ्याच्या पै-पैचा हिशेब सभागृहात ठेवा. सभागृहाच्या ठरावाशिवाय एकही वस्ती हलवू नका. झाडणाऱ्याची मजुरी थेट त्याच्या हातात द्या. मेळा उठला की प्राधिकरणही उठवा.

नाही तर रामकुंडावर घाण तुमची, झाडू आमचा, आणि दार पुन्हा बंद. बंद दाराबाहेर उभं राहणं आम्हाला 1930 पासून येतं. या वेळी नुसते उभे राहणार नाही.