लसीतला एमआरएनए पेशीत पोचला, हे कळतं कसं?

नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो. तिथे सुरुवातीला उणे 70 अंशांत ठेवावी लागणारी फायझरची लस गावोगाव नेणं अवघडच. म्हणून पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची एमआरएनए लस महत्त्वाची: जून 2022 मध्ये आपत्कालीन मंजुरी, साठवण 2 ते 8 अंशांत.

पण थंडाव्याचा प्रश्न सुटला तरी दुसरा उरतोच. एमआरएनए पेशीत शिरला का? तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रयोगशाळेत त्याला सायनाइन-5 सारखा चमकणारा रंग जोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत लाल ठिपके दिसले, की माल आला.

आला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. बहुतेक एमआरएनए पेशीतल्या एन्डोसोम नावाच्या पिशव्यांत अडकतो आणि तिथेच नष्ट होतो. पार्सल तालुक्याच्या डेपोत आलं, घरी नाही, तसं. त्यामुळे संशोधक असा एमआरएनए घेतात, ज्यावरून पेशी हिरवं चमकणारं प्रथिन बनवते. लाल म्हणजे पोचला, हिरवं म्हणजे वाचला गेला. शिवाय रंग सुटून एकटाच चमकत राहू शकतो, आणि रंग जास्त जोडला तर पेशीला तो संदेश वाचणं जड जातं. नुसत्या लाल फोटोवर 'डिलिव्हरी यशस्वी' म्हणणाऱ्यांकडे जरा संशयानेच बघावं.

आणि हो, 'लसीत चमकणारं रसायन' असा मेसेज आला तर एवढं सांगा: हा रंग प्रयोगशाळेतल्या पेशी आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी आहे. दंडावर मिळणाऱ्या डोसमध्ये तो नसतो.