डबे दोन, प्लेट एकच

मंडळी, गेल्या मे महिन्यात वाडीतल्या सार्वजनिक सत्यनारायणाला 'ओला' आणि 'सुका' असे दोन डबे ठेवले होते. जेवून उठलेला माणूस वरणभाताने माखलेली प्लेट घेऊन त्यांच्यापुढे उभा राहतो आणि जवळच्या डब्यात ती टाकतो. त्याचे काय चुकले? कागदी म्हणवणाऱ्या प्लेटला आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा. ती ओल्यात कुजत नाही आणि खरकटी म्हणून सुक्यात कोणी घेत नाही. चूक डब्यापाशी नाही, ती विकत आणली तिथेच झाली.

थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ साली बंदी आली. शंभरावर माणसे जमणार असतील तर कचरा वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकांची, हे २०१६ च्या नियमांतच होते. आयोजक मला म्हणतात, "गुरुजी, पत्रावळी लावूक आता माणसां खंय गावतत?" अहो, मंडप घालायला गावतात, लाऊडस्पीकर बांधायला गावतात! फणसाची पाने दारात, हीर माडाचे. जेवण झाल्यावर पत्रावळ माडाच्याच आळ्यात.

दुसऱ्या दिवशी दोन प्लेटी धामापूर तलावाच्या काठाला लागलेल्या दिसल्या. १५३० साली नागेश देसाईंनी बांधलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ ठरला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी किती मिरवले! असो.

यंदा दोनशे पत्रावळी मी पडवीत बसून लावणार आहे. मुंबईकर नातवंडांनो, दोन दिवस आधी या.