वाटा नको, नाव सांगा

लालबागमध्ये ‘वारस’ हा शब्द कोर्टापेक्षा चाळीच्या जिन्यावर जास्त ऐकू येतो. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी आलेले अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आहेत, आणि त्यातले कितीतरी आता कामगारांच्या मुलांचे, सुनांचे, नातवंडांचे आहेत. बापाचं गिरणीतलं तिकीट, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, वारस दाखला हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात जपलेलं असतं. १९८२च्या संपात गेलेली नोकरी परत आली नाही. पण तेव्हाच्या मस्टरवर नाव सापडलं तर चाळीस वर्षांनंतरही हक्क उभा राहतो. जुन्या वहीतल्या एका ओळीची किंमत या वस्तीला कुणी समजावून सांगायला नको.

वह्या दुसरीकडेही आहेत. माटुंग्याचा श्रद्धानंद महिलाश्रम, उमरखाडीचं आशा सदन, पुण्यात ससूनच्या आश्रयाने चालणारं श्रीवत्स. अशा संस्थांमधून मुलं दत्तक गेली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तर महाराष्ट्रातून कितीतरी बाळं थेट परदेशी गेली. ती आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यातली काहीजण परत येतात आणि कार्यालयाच्या टेबलासमोर बसून एकच विचारतात: मला जन्म देणारी कोण होती?

अरुण डोहले त्यांच्यातले एक. १९७३ साली पुण्यात जन्म, तान्हेपणीच जर्मन जोडप्याकडे दत्तक. मोठेपणी आपलीच फाईल पाहायला मागितली, तेव्हा ती मिळेना. प्रकरण मुंबई हायकोर्टात आणि पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कित्येक वर्षांच्या लढ्यानंतर ते आईपर्यंत पोचले. आज ते दत्तकविधानाच्या आडून होणाऱ्या मुलांच्या व्यापाराविरुद्ध काम करतात. स्वतःच्या जन्माचा कागद पाहण्यासाठी माणसाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागावं, हे आपल्याला टोचलं पाहिजे.

प्रत्येकाला शोध घ्यावासा वाटतोच असं नाही. ऑस्ट्रेलियाची माजी कर्णधार लिसा स्थळेकर १९७९ साली पुण्यात जन्मली, श्रीवत्समध्ये तिचं नाव लैला होतं. हरेन आणि सू स्थळेकर यांनी तिला घरी नेलं. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी मिळवणारी ती पहिली महिला. तिचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना म्हणजे फेब्रुवारी २०१३चा विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि तो झाला मुंबईत, ब्रेबॉर्नवर. तिची गोष्ट सांगताना आपण ‘बघा, नशीब कसं फळफळलं’ म्हणून थांबतो. पण नशीब फळफळलेल्या माणसालाही प्रश्न पडू शकतो. तो विचारला म्हणून वाढवणाऱ्या आईबापांचं प्रेम कमी पडलं, असं होत नाही.

मग दार बंद का होतं? एक मोठं कारण आईची अब्रू. ते खरं आहे, आणि त्याकडे पुढे यावंच लागेल. दुसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही: वाट्याची भीती. ‘उद्या हिस्सा मागायला आला तर?’ गावच्या सातबाऱ्यावर आधीच अकरा नावं असलेल्या घरात ही भीती लगेच शिरते.

कायद्याने मात्र या भीतीला कधीच उत्तर दिलंय. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचं कलम १२ सांगतं की दत्तक गेल्या दिवसापासून मूल नव्या घरचं, जन्मघराशी नातं तुटलं. दत्तकाआधीच जी मालमत्ता त्याच्या नावे झाली असेल, तेवढी त्याची राहते. बालन्याय कायद्यातही हीच व्यवस्था आहे. म्हणजे या कायद्यांखाली दत्तक गेलेली बाई पन्नास वर्षांनी ॲमस्टरडॅमहून किंवा झुरिकहून आली, तरी कोकणातल्या आंब्याच्या बागेत सहसा वाटा मागू शकत नाही.

त्याच कलम १२ मध्ये आणखी एक अट आहे, आणि ती वाचून थबकायला होतं. जन्मघरात राहिला असता तर ज्या नात्यात लग्न करता आलं नसतं, त्या नात्यात दत्तक गेल्यावरही लग्न करता येत नाही. मालमत्तेपुरतं रक्त तुटलं, लग्नापुरतं नाही! जन्मघर कोणतं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने ही अट पाळायची कशी? डॉक्टर ‘घरात कुणाला शुगर, कुणाला हार्टचा त्रास?’ असं विचारतात, तेव्हाही त्याच्याकडे उत्तर नसतं. लाळेच्या नमुन्यावरून नातेवाईक शोधणाऱ्या परदेशी कंपन्यांकडे भारतातले नमुने थोडे. तिथे बऱ्याचदा हाती लागतो कुणी चार-पाच पिढ्यांपलीकडचा चुलतभाऊ.

आता आईकडे येऊ. ती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल, लग्न झालेलं नसेल. आज ती कुणाची तरी आजी असेल आणि घरात हे कुणालाच माहीत नसेल. तिच्या दारावर अचानक थाप पडता कामा नये. २०२२ च्या दत्तक नियमांनी इथे शहाणपण दाखवलंय. अठरा वर्षांवरील व्यक्ती स्वतः मूळशोधाचा अर्ज करू शकते, त्रयस्थाला ते करता येत नाही. आईने ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती घ्यायची. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर निदान मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं एवढं त्याला सांगायचं. हे न्याय्य आहे. फक्त ते पाळायला कागद जागेवर हवा.

खरी अडचण तिथेच आहे. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने आंतरदेशीय दत्तकाला शिस्त घातली ती १९८४ साली. त्याआधी परदेशी जोडपी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मूल ताब्यात घेत आणि दत्तकविधान आपल्या देशात करत. त्या काळातल्या फायली कोर्ट, संस्था, वकील अशा विखुरलेल्या. स्विस संशोधकांनी झुरिक आणि थुर्गाऊ प्रांतांत भारतातून आलेल्या मुलांच्या दत्तकांचा अभ्यास केला, त्या अहवालाचं नावच ‘आई अज्ञात’ असं आहे.

रक्ताचं नातं तेवढंच खरं, असं लालबागने कधी मानलं नाही. गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपायचे, खानावळ चालवणारी बाई सगळ्यांची मावशी असायची, आणि कुणी आजारी पडलं तर तीच केईएमला न्यायची. इतक्या मोकळ्या मनाने नाती जोडणाऱ्या माणसांना रक्ताच्या प्रश्नाची भीती वाटायचं कारण नाही.

गिरणीचं मस्टर पुरावा ठरू शकतं, तर आश्रमाच्या आणि प्रसूतिगृहाच्या नोंदवह्याही तितक्याच जपून ठेवायला हव्यात. संस्था बंद झाली तर तिच्या वह्या जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे यायला हव्यात, त्यांच्या प्रती काढायला हव्यात, आणि आई व मूल यांच्यामध्ये बोलणारी एक प्रशिक्षित, तोंड बंद ठेवणारी समुपदेशक हवी. त्याआधी कुठली वही कुठल्या कपाटात आहे आणि तिला वाळवी लागली आहे का, एवढं तरी प्रत्येक कक्षाने यंदाच्या पावसाळ्याआधी बघून घ्यावं.