आधी ऐका, मग पाठवा

व्याख्यानमाला चालवणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांची एक ठरलेली तक्रार आहे. यूट्यूबवर सगळं फुकट मिळायला लागलं आणि माणसं सभागृहाकडे फिरकेनाशी झाली. वर शेरा असतो, फुकटाला किंमत नसते. सांगली-साताऱ्याकडे ही तक्रार जरा जास्तच कळवळून होते, कारण एका चांगल्या वक्त्यासाठी शेजारच्या गावांतून सायकली मारत येणारा श्रोता या भागाने पाहिलेला आहे. कळवळा खरा आहे. तक्रार मात्र टिकणारी नाही.

मुळात व्याख्यान विकत कधी होतं? न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे तिचं पाहून गावोगावी ज्या माला उभ्या राहिल्या, त्यांच्या पत्रिकेवर ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ ही ओळ असायचीच. खर्च नगरपालिकेने उचलला, वाचनालयाने उचलला, नाहीतर पेठेतल्या चार व्यापाऱ्यांनी. नाटकाला आपण तिकीट काढत आलो, व्याख्यानाला फक्त वेळेवर गेलो. तेव्हा फुकटेपणाचा दोष यूट्यूबच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ती आपलीच परंपरा आहे आणि चांगली आहे.

दुसरं म्हणजे, त्या भरलेल्या सभागृहात कोण होतं आणि कोण नव्हतं, हेही एकदा आठवावं. व्याख्यानाची वेळ संध्याकाळी साडेसहा-सातची, म्हणजे घरोघरी भाकऱ्या थापायची. बायकांच्या बाजूच्या खुर्च्या कमी का भरायच्या, याचं उत्तर त्यातच आहे. जत-आटपाडीकडच्या पोराला शेवटची एसटी गाठायची असायची, त्यामुळे वक्ता रंगात आला की त्याला उठावं लागायचं. आज तोच पोरगा आयआयटीच्या प्राध्यापकाचा तास घरी बसून ऐकतो. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून 2003 मध्ये एनपीटीईएल हा ऑनलाइन तासांचा उपक्रम सुरू केला, तिथले तास ऐकायला पैसा पडत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क तेवढं भरायचं. अमेरिकेतल्या एमआयटीत गिल्बर्ट स्ट्रँग खडू घेऊन रेषीय बीजगणित शिकवत, ते तासही पूर्णच्या पूर्ण खुले आहेत. सभागृह श्रेष्ठच, पण ज्याला तिथे कधी जागाच मिळाली नाही, त्याला त्याचं मोठेपण सांगून काय उपयोग?

आणि काही वक्ते आता सभागृहात येणारच नाहीत. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. विचार कसा करावा, हे न चिडता, एकेक पायरी चढत सांगणारा त्यांचा आवाज आज ऐकायचा तर ध्वनिमुद्रणच शोधावं लागतं.

इथवर वाचून मोबाइलवाली मंडळी खूश झाली असतील. पण त्यांचाही हिशेब बाकी आहे. ‘आम्ही ज्ञान घरोघरी पोचवतो’ हा त्यांचा दावा मला त्या तक्रारीहून जास्त पोकळ वाटतो. पहाटे साडेपाचला एक दुवा येतो, सोबत हात जोडलेलं चित्र आणि ‘नक्की ऐका’. व्याख्यान दीड तासाचं. पाठवणाऱ्याने चार मिनिटांत असे तीन पाठवलेले असतात. त्याने ते कधी ऐकलं, हे विचारायची सोय नाही, कारण तोवर चौथं आलेलं असतं.

प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांचं काय झालं, ते पाहा. खटाव तालुक्यातल्या कलेढोणचा हा माणूस फलटणच्या मुधोजी महाविद्यालयात प्राचार्य झाला, पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू. त्यांचं बोलणं संथ सुरू व्हायचं, एका वाक्याच्या खांद्यावर दुसरं चढायचं आणि अर्ध्या-पाऊण तासाने सगळी मांडणी एकदम उजळायची. आज ते फिरतात ते दोन मिनिटांच्या तुकड्यांत. एकच छायाचित्र, खाली बासरी, वर लाल-पिवळी अक्षरं, आणि युक्तिवाद कुठे वळायला लागला की तुकडा संपतो. व्याख्यान कोणत्या गावचं, कोणत्या साली, कोणासमोर, यातलं काही नाही. विचारवंताचा सुविचार करून टाकला आणि त्याला प्रेरणा म्हणायला लागलो!

व्याख्यानमालेचा कार्यवाह नेमकी उलटी गोष्ट करायचा. त्याने वक्त्याला आधी कुठेतरी ऐकलेलं असायचं, म्हणून तर पत्र धाडायचा. मग व्यासपीठावर उभा राहून पाच मिनिटं परिचय करून द्यायचा. परिचय लांबला की लोक चुळबुळायचे, हे खरं. पण हा माणूस कोण, यालाच का बोलावलं, आज याचं काय ऐकायचं, एवढं श्रोत्याला कळायचं. आंतरजालावर वक्ते उदंड आहेत, कार्यवाह नाही. पाठवणाऱ्याने ते काम अंगावर घ्यावं, म्हणजे त्या पाठवण्याला अर्थ येईल. अख्खं ऐकावं. पूर्ण व्याख्यानाचा दुवा द्यावा. कोण, कुठे, कधी हे लिहावं आणि ‘पहिली वीस मिनिटं नेट लावा, खरा मुद्दा त्यानंतर आहे’ असं स्वतःचं एक वाक्य जोडावं. महिन्याला असं एकच व्याख्यान जमलं तरी पुष्कळ.

फुकट दिलेलं आणि उचललेलं यातही फरक आहे. संस्थेने स्वतः खुलं ठेवलेलं व्याख्यान वाटावं. कोणी पैसे घालून काढलेली ध्वनिफीत उचलून आपल्या वाहिनीवर चढवणं, ही चोरीच.

सगळ्यात मोठं काम अजून पुढेच आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. कागदाचं हे, तर कपाटातल्या कॅसेटचं काय? सांगली, मिरज, कराड, वाई, फलटण इथल्या मालांमधल्या व्याख्यानांच्या फिती ज्यांच्या घरी पडून असतील, त्यांनी त्या बाहेर काढाव्यात. फितीला बुरशी आली असेल तर तशीच वाजवू नये, जाणकाराकडे न्यावी. वेष्टनावरची तारीख आणि गाव जसंच्या तसं उतरवून घ्यावं, वक्त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्यावी आणि टाळ्या-खोकल्यांसकट सगळं व्याख्यान खुलं करावं. बासरी घालू नये.