एका काडीचे धर्मशास्त्र

आश्विनातील नवरात्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईच्या दर्शनास मावळातील व कोकणातील भाविकांची दाटी होते. पुष्कळदा याच सुमारास आपल्या मराठीभाषी बेने इस्राएल बांधवांचा ‘नव्याचा सण’ येतो. तेथून योम किप्पूरच्या उपवासापर्यंतच्या दहा दिवसांत यहुदी धर्मशास्त्र पावाविषयीचा एक नियम विशेष कसोशीने पाळावयास सांगते. सोवळ्याचा अभिमान धरणाऱ्या आपल्या घरांनी त्याचा अवश्य विचार करावा.

पाव यहुद्याच्या सहभागाने भाजलेला असावा, हा तो नियम. परधर्मीयांशी सोयरीक जडू नये, हा त्याचा मूळ हेतू. परंतु सहभाग केवढा? भट्टी पेटवावी, निखारे हलवावे, अथवा विस्तवात एक काडी टाकावी, एवढ्याने भागते. १५६५ साली मुद्रित झालेल्या ‘शुल्हान आरुख’ या ग्रंथात योसेफ कारो यांनी, यहुदी भटारी नसेल तेथे परधर्मीय भटाऱ्याचा विकाऊ पावही ग्राह्य मानिला. मात्र त्यात निषिद्ध पदार्थ नसावा. पावावाचून मनुष्याचे चालत नाही, हे शास्त्रकारांनी जाणले होते.

नोकरी करणारी सून लोणावळ्याच्या बाजारातून पुरणपोळी आणते, म्हणून नैवेद्याच्या दिवशी तिला बोल लावणाऱ्यांस आम्ही विचारतो: चुलीपाशी आपला हात किती लागला? सुनेने पोळी आणावी, सासऱ्यांनी नारळ खवावा, मुलाने वरणभात शिजवावा. भगवतीस घरच्या हाताची एक काडीही पोहोचते. बोल मात्र पोहोचत नाहीत.