एका घरात तीन पाट्या

एकाच घरात तीन मुलांना शिकवायचे झाले, की शाळेची घंटा निरुपयोगी ठरते. समजा, थोरला वाचताना अडखळतो, पण गल्ल्यावरील सुट्या पैशांचा हिशेब क्षणात जुळवतो. मधली स्वमग्न आहे, तिला नित्यक्रमातील बदल सोसत नाही. धाकटी दोघांच्याही पुढे धावते. त्यांना एकत्र बसवण्यापेक्षा प्रत्येकास स्वतंत्र पंधरा मिनिटे द्यावीत. उरलेले शिक्षण वजनकाट्यापाशी आणि डाळ निवडताना होते.

खरा अडसर निराळाच आहे. पुढे सोयरीक अडेल या धास्तीने तपासणीच टाळली जाते, आणि घरची शाळा हा आडपडदा बनतो. कोणी ‘ज्ञानावरणीय कर्म’ म्हणून मोकळे होतात. (त्याचा क्षयोपशम पुरुषार्थाने होतो, हे सोयीस्कर विसरून!) गुरूंनी दिलेले मोजके शब्दही धड पाठ न झालेले माषतुष मुनी केवलज्ञानी झाले, हे आपण प्रवचनात ऐकतोच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी घरी शिकूनही देता येते. प्रमाणपत्र असल्यास जादा वेळ मिळतो. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षापासून मिळते. स्वमग्नतेची तपासणी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही होऊ शकते.