मायबापांनी कष्ट केले, आपण निदान चालू या



गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंच्या उजव्या पायाची करंगळी डॉक्टरांना काढावी लागली. सुरुवात चप्पल लागून आलेल्या साध्या फोडाने झाली. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेली, त्यामुळे तो फोड दुखला नाही. दुखला नाही म्हणून कुणी पाहिला नाही. पाहिला तेव्हा जखम पार आत गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "आजोबा, रोज चालता का?" दादा जरा रागानेच म्हणाले, "अहो, गिरणीत साच्यावर आठ-आठ तास उभा राहिलेला माणूस मी. मला कसला व्यायाम सांगता?" डॉक्टर तरुण होते, पण नम्र होते. त्यांनी एवढेच विचारले, "गिरणी कधी सुटली?" दादा गप्प झाले. आम्हीही मनात हिशेब केला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि दादांचा साचा कायमचा थांबला. पुढची सारी वर्षे इमारतीच्या फाटकाशी खुर्चीवर बसून राखणदारीत गेली. कष्ट थांबून चाळीस वर्षे उलटली होती. ताटातला भाताचा डोंगर मात्र साच्यावरच्या माणसाचाच राहिला होता.

ही एकट्या दादांची गोष्ट नाही. आपल्या बहुतेक घरांची हीच गोष्ट आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी दगड फोडले, लाकडाच्या मोळ्या वाहिल्या, १९७२ च्या दुष्काळात खडी केंद्रावर राबून सुकडी खाल्ली. त्यांना कुणी व्यायाम सांगितला असता तर तो क्रूर विनोद झाला असता. त्यांची मुले शिकली, बँकेत, शाळेत, कचेरीत गेली. ही आपल्या समाजाची मोठी कमाई आहे. पण एका पिढीत शरीराचे काम सुटले आणि त्याच पिढीत साखर, तेल आणि मैदा घरात आला. शरीराला या बदलाची सवय व्हायला वेळच मिळाला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब. हे आता केवळ शेठ-सावकारांचे आजार राहिलेले नाहीत. खुद्द बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण त्यांच्या चरित्रांत वाचतोच.

भाकरीची लाज

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. परिस्थिती सुधारली तशी आपण ताटातली भाकरी काढली. कोकणातल्यांनी नाचणी सोडली, घाटावरच्यांनी ज्वारी-बाजरी. पाहुणे आले की पांढराशुभ्र भात आणि पुरी, कारण भाकरी म्हणजे गरिबी, भाकरी म्हणजे गावकुसाबाहेरचे दिवस. ही लाज आपल्या मनात कुणी पेरली, हे आपण जाणतो. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद अभिमानाने केली, तेव्हा अनेकांना आपल्या आईची चूल आठवली.

गंमत अशी की, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. जी नाचणी आपण लाजेने टाकली, ती आता शहरातल्या दुकानांत सुंदर पिशव्यांत महाग विकली जाते. तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, चोथा आहे. नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, हुलग्याचे पिठले, घोळ, अंबाडी, टाकळा, तांदुळजा आणि जोडीला सुकट हे काही दारिद्र्याचे जेवण नव्हे. दारिद्र्य होते ते पोटभर न मिळण्यात. सुकट-बोंबील खारवलेले असतील तर चांगले धुऊन घ्यावेत, एवढेच.

राजाची गोष्ट

आता सवय लावायची कशी, हा खरा प्रश्न. काय खावे हे सर्वांना ठाऊक असते. अडते ते रोज करण्यात. यासाठी आम्हाला संयुत्त निकायातील पसेनदी राजाची गोष्ट फार उपयोगी वाटते. कोसलचा हा राजा द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असाच भरपेट जेवून तो धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपास सांगितला नाही, की खरडपट्टीही काढली नाही. मापात जेवण्यासंबंधी एक गाथा म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितली आणि त्याबद्दल रोजचे मानधनही ठरवले. पुढे हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या गोष्टीत तीन धडे आहेत. बदल एका दिवसात झाला नाही, हळूहळू झाला. आठवण करून देण्याची वेळ ठरलेली होती, ती म्हणजे नेमकी जेवणाची. आणि आठवण करून द्यायला दुसरा माणूस होता. राजालासुद्धा एकट्याच्या निश्चयावर भरवसा ठेवता आला नाही, तिथे आपली काय कथा!

आमची फजिती

दादांच्या बोटानंतर आम्हीही घाबरलो. बूट आणले आणि पहाटे पाचला फिरायला जायचे ठरवले. आठव्या दिवशी बूट खाटेखाली गेले. कारण साधे होते. आमच्याकडे नळाला पाणी साडेपाचला येते. पाणी भरायचे, डबे करायचे, नातीची शाळेची तयारी. पहाट ही मोकळ्या माणसांची वेळ, आमच्या घरची नव्हे. चूक निश्चयाची नव्हती, वेळेची होती.

मग आम्ही उलटा विचार केला. रोज न चुकता होणारी गोष्ट कोणती? रात्रीचे जेवण. त्याच्या शेपटीला चालणे बांधले. जेवण झाले की टीव्ही लावण्याआधी चपला घालायच्या आणि चौकापर्यंत जाऊन यायचे. पहिल्या आठवड्यात फक्त दहा मिनिटे. कंटाळा यायच्या आत घरी. महिन्याभरात ती वीस झाली. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातली साखर एकदम चढत नाही, हा वेगळा लाभ. पाऊस असला की चाळीच्या गॅलरीत फेऱ्या. एखादा दिवस चुकतोच. तो चुकला म्हणून सारे बुडाले असे समजायचे नाही. सलग दोन दिवस मात्र चुकू द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम आम्ही ठेवला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले माप असे, की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. तो अर्धा तास एकदम मिळायलाच हवा असे नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. वेग किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. बस एक थांबा अलीकडे सोडावी. दोन मजल्यांसाठी लिफ्टची वाट पाहू नये. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंनाही काम द्यावे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, भिंतीला हात टेकून अंग रेटावे. त्यासाठी ना व्यायामशाळेची फी लागते, ना यंत्र.

चहाचा हिशेब

खाण्यातही एका वेळी एकच बदल करावा. आम्ही चहापासून सुरुवात केली. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी दिवसाचे चाळीस ग्रॅम, महिन्याचे सव्वा किलोच्या घरात, आणि तेही एका माणसाचे. वरून घातलेली साखर दिवसाकाठी पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, असे तज्ज्ञ सांगतात. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला. दीड महिन्यात अर्ध्या चमच्यावर आलो आणि आता जुना चहा पाकासारखा लागतो. जीभ शिकते, पण तिला वेळ द्यावा लागतो.

तेलाचे माप किराणा भरतानाच घ्यावे. घरात माणसे किती आणि महिन्याला तेल किती, हे एकदा कागदावर मांडा. माणशी अर्ध्या लिटरच्या आसपास पुरते. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर कढईकडे पाहण्याची वेळ आली. मीठ दिवसाला माणशी एक सपाट छोटा चमचा, त्यातच लोणचे, पापड आणि फरसाणही मोजायचे. ताट वाढताना आधी भाजी आणि डाळ-उसळ वाढावी, भात शेवटी. अर्धे ताट भाजीने भरले की भाताची जागा आपोआप कमी होते. अंडे, मासळी, कडधान्य यांपैकी काहीतरी रोज पोटात जावे.

शिवणाच्या मशीनची टेप घरात असेलच. ती कमरेला लावून पाहा. पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरपेक्षा आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर शरीर इशारा देत आहे असे समजावे.

तिच्या ताटाचे काय?

भगिनींनो, आता तुमच्याविषयी. किंबहुना बंधूंनीच हे अधिक लक्षपूर्वक वाचावे. घरातली बाई शेवटी जेवते. उरले तर भाजी, नाहीतर चटणी आणि रात्रीची शिळी पोळी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. जी दमलेली आहे तिला 'तूही फिरायला चल' म्हणणे सोपे असते. पण भांडी कोण घासणार?

आमच्या घरीही हा प्रश्न निघाला. पहिले काही दिवस आम्ही एकटेच फिरून आलो आणि परत आलो तेव्हा मुलांची आई ओट्याशीच उभी होती. त्या रात्री आम्हाला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून रात्रीची भांडी मुलाकडे आणि आमच्याकडे आली, आणि जेवायला सगळे एकत्र बसू लागलो. एकत्र बसल्यावर भाजी किती पुरते, हे प्रथमच सर्वांच्या डोळ्यांसमोर आले. भाजी वाढली. जेवणाला लागून चहा घेणे तिने बंद केले, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळले तर ते अधिक लागते. ज्या घरात समतेची भाषा बोलली जाते, त्या घरात ती ओट्यापर्यंत पोचायला नको का?

विहारातही

एकट्याने लावलेली सवय एकट्यातच मोडते. म्हणून आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही एक सुचवले. रविवारच्या वंदनेनंतर सर्वांनी मिळून अर्धा तास चालावे. सुरुवातीला सातजण होते, आता वीसच्या पुढे आहेत. वडीलधारी मंडळी हळू चालतात, मुले पुढे पळतात, गप्पा होतात. कार्यक्रमाला बिस्किटे आणि रंगीत पेये ठेवण्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवली तर खर्च वाढत नाही. बुद्धपौर्णिमेची खीर खुशाल असावी. ती वर्षातून एकदा असते म्हणूनच गोड लागते. रोजच्या गोडाने सणाचीही चव घालवली आहे.

थोडी खबरदारी सांगून ठेवतो. ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जेवण कमी करण्यापूर्वी किंवा चालणे वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, नाहीतर साखर एकदम उतरते. चालताना छातीत दुखले, धाप लागली तर थांबावे आणि तपासून घ्यावे. तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. तो आपला हक्क आहे, तो मागून घ्यावा. आणि मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत. दृष्टी अधू असेल तर नातवंडांना पाहायला सांगावे.

दादा आता काठी घेऊन रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाचनालयापर्यंत जातात. चारशे पावले जायला आणि चारशे यायला. घरी आले की धाकटा नातू त्यांचे तळपाय बघतो आणि मोठ्याने म्हणतो, "आजोबा, आज पास!" पसेनदीला त्याचा सुदस्सन मिळाला होता. दादांना त्यांचा मिळाला आहे.

तुमच्या घरात ते काम कोण करील, हे आजच्या जेवणाच्या वेळी ठरवा. पंधरा दिवसांनी काय जमले आणि काय अडले, ते आम्हाला अवश्य कळवा.